दाबलेलं, कुत्सित हसू इंग्रजीत लिहिताना

मराठीत 'हसणं' हे एक क्रियापद घेऊन आपण बरंच काही साधतो. फिदीफिदी, खुदुखुदु, फिस्सकन, गालातल्या गालात, कुत्सितपणे असा एखादा शब्द पुढे लावला की काम झालं. इंग्रजीने हीच कामं वेगवेगळ्या क्रियापदांत वाटून टाकली आहेत. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा किंवा जत्रेतला प्रसंग इंग्रजीत लिहायला बसलेला माणूस 'लाफ' लिहितो आणि मागे 'मॉकिंगली', 'सायलेंटली', 'सिक्रेटली' अशा शेपट्या जोडत जातो. वाक्य चुकत नाही, पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते परकं लागतं.

हा लेख कथा, अनुवाद, शाळा-कॉलेजचा वार्षिक अंक किंवा होमस्टेसाठी गावची माहिती इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजी शब्द आणि वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. स्पेलिंग चुकण्याची शक्यता आहे तिथे ते अक्षरं फोडून दिलं आहे.

शब्द निवडण्याआधी

पहिलं बघायचं ते आवाज आहे की नाही. 'स्मर्क' आणि 'स्निअर' हे चेहऱ्यावरचे भाव आहेत. स्निकर, स्निगर, टिटर, गिगल, चकल हे ऐकू येतात. अंधारात, पाठीमागून किंवा फोनवर कुणी 'स्मर्क' करू शकत नाही, कारण दिसणार कुणाला? नवख्या लिखाणातली ही सर्रास आढळणारी चूक आहे, आणि ती पकडायला शब्दकोशही लागत नाही. आपलं पात्र त्या क्षणी कुठे उभं आहे एवढं पाहिलं की पुरे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: हे हसू कुणापासून लपवलं जातंय? स्निकर, स्निगर यांसारख्या शब्दांचा सगळा जोर लपवण्यात आहे. पदराआड, हाताआड किंवा समोरच्याची पाठ वळल्यावर हसलं जातं, आणि तरी ते किंचित निसटतं. लपवायला कुणी नसेल तर स्निकर बसत नाही. दोन मित्र पारावर बसून तिसऱ्या, गैरहजर मित्राची टर उडवत मोकळेपणी हसत असतील, तर तिथे साधं 'लाफ' हवं. तोच तिसरा सायकल टेकवून जवळ येऊ लागला आणि दोघांनी हसू दाबलं, की स्निकर सुरू होतं.

मग एकटा की घोळका, आणि हसण्यात डंख किती, हे पाहायचं. एवढं ठरलं की शब्द आपोआप समोर येतो.

स्निकर आणि स्निगर

दोन्ही शब्द आवाजावरून घडले आहेत. स्निकर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि स्निगर हे त्याचंच थोडं नंतरचं रूप. नाकातून किंवा दातांमधून निसटलेलं, अर्धवट दाबलेलं, दुसऱ्याच्या फजितीवरचं हसू असा दोन्हींचा अर्थ आहे. अमेरिकेत स्निकर चालतो, ब्रिटनमध्ये स्निगर जास्त.

अमेरिकी वाचकांसाठी लिहीत असाल तर स्निगर टाळा. तिथे कृष्णवर्णीयांना हिणवायला वापरल्या गेलेल्या एका शिवीशी त्याचा उच्चार जुळतो. दोन्ही शब्दांची मुळं वेगळी आहेत, काही नातं नाही. पण वाचणारा दचकला की तुमचा प्रसंग बाजूला राहतो आणि शब्दच पुढे येतो. ब्रिटिश किंवा भारतीय वाचकांसाठी स्निगर बिनधास्त वापरा, मात्र एका कथेत एकच रूप ठेवा. पहिल्या पानावर स्निकर आणि पाचव्यावर स्निगर आलं तर स्पेलचेक काही बोलणार नाही, दोन्ही शब्द त्याला मान्य असतात. लिहून झाल्यावर दोन्ही शब्द शोधून पाहायचे.

स्निगरला आणखी एक छटा आहे. चावट किंवा अश्लील उल्लेखावर पोरं जे हसतात त्याला ब्रिटिश इंग्रजीत हटकून स्निगर म्हणतात. जीवशास्त्राच्या तासाला प्रजननाचा धडा निघाला आणि मागच्या बाकांवर जे होतं, ते स्निगर. म्हणूनच हा शब्द पोरकट वाटतो. सत्तरीतल्या, गावात मान असलेल्या आजीला 'स्निगर्ड' लिहिलंत तर ती हलकी आणि दुष्ट दिसते. तेच हवं असेल तर लिहा. नसेल तर तिच्यासाठी 'गेव्ह अ स्नॉर्ट' बरं: नाकातून एक फुस्स, आणि तिचा आबही राहतो.

टिटर, म्हणजे खसखस पिकणे

'सभेत खसखस पिकली' याला इंग्रजीत इतकी नेमकी जोडी आहे की अनुवादकाने खूश व्हावं: 'अ टिटर रॅन थ्रू द क्राउड'. टिटर बारीक, उंच सुरातलं, थोडं अवघडलेलं हसू आहे आणि घोळक्याला शोभतं. एकट्या माणसाला लावलं तर तो भित्रा किंवा नखरेल दिसतो.

दशावताराचं उदाहरण घ्या. देवळासमोर रात्री नाटक रंगलंय, राजा आवेशात बोलतोय आणि त्याच्या मिशीचं एक टोक सुटून ओठावर लोंबतंय. त्याला पत्ता नाही. बायकांच्या बाजूने जी लहर उठते ते टिटर. पोरांच्या कोंडाळ्यातून जे येतं ते स्निगर. आता त्याच रात्री काळ्या वेषातला संकासूर येतो आणि मालवणीत एकेक टोला हाणतो. तेव्हा लोक पोट धरून हसतात. ते यातलं काहीच नाही, ते 'गफॉ' किंवा नुसतं 'रोर्ड विथ लाफ्टर'. नटाने मागून घेतलेलं हसू कधीच स्निकर किंवा टिटर होत नाही. दशावताराच्या इंग्रजी वर्णनात 'द ऑडियन्स स्निकर्ड अ‍ॅट संकासूर' असं लिहिलं की परक्या वाचकाला वाटतं, प्रयोग फसला.

'रॅन थ्रू द क्राउड' फार वापरून गुळगुळीत झालंय. 'देअर वॉज अ टिटर फ्रॉम द विमेन्स साइड' असं साधं लिहिलं तर जागाही कळते.

बाकीचे, थोडक्यात

स्मर्क म्हणजे स्वतःवर खूश असल्याचं छद्मी स्मित. मागे आवाज नाही, पण आढ्यता असते. स्निअर त्याहून कडवट: वरचा ओठ एका बाजूने वर जातो, उघड तुच्छता दिसते, लपवण्याचा प्रश्नच नाही. आपलं 'कुत्सित हसणं' बऱ्याचदा स्निअरच्या जास्त जवळ असतं, शब्दकोशात मात्र ते स्निकरखालीही सापडतं. म्हणून 'कुत्सित' दिसलं की आधी आवाज होता का ते विचारायचं.

चकल निर्मळ आहे, एकट्याने वर्तमानपत्र वाचताना येतं तसं. त्यात डंख घालायचा असेल तर आजूबाजूचं वाक्य तसं लिहावं लागतं, शब्द ते ओझं उचलत नाही. गिगल पोरीबाळींचं खिदळणं, वेड्यासारखं, थांबता थांबत नाही असं. फिदीफिदी हसण्यातला तुच्छतेचा भाग गिगलमध्ये येत नाही. चॉर्टल हा लुईस कॅरलने 1871 साली घडवलेला शब्द, चकल आणि स्नॉर्ट यांची सांगड. तो मजेत, ऐटीत हसणाऱ्यासाठी. दबक्या हसण्यासाठी चॉर्टल वापरणं चूकच.

स्कॉफ मुख्यतः बोलण्यातून होतं, 'हॅ, काहीतरीच' असं. जीअर म्हणजे उघड, मोठ्याने, चारचौघांत उडवलेली हुर्यो. शिमग्यात कुणाच्या नावाने फाका घातल्या जातात त्या जीअरच्या जवळच्या, स्निकरच्या नव्हेत.

'ऑन' नाही, 'अ‍ॅट'

आपण 'माझ्यावर हसले' म्हणतो, 'मला हसले' असंही म्हणतो. यातून 'लाफ्ड ऑन मी' आणि 'स्निकर्ड मी' ही दोन अपत्यं जन्माला येतात. दोन्ही चूक. ज्याच्यावर हसायचं त्याच्याआधी 'अ‍ॅट' येतो: 'दे स्निकर्ड अ‍ॅट हिम'. या क्रियापदांना थेट कर्म लागत नाही. पत्र, फोटो, अफवा असा विषय असेल तर 'ओव्हर' किंवा 'अबाउट' चालतं: 'दे टिटर्ड ओव्हर द वेडिंग फोटो'.

'विथ' मात्र जपून. 'लाफ विथ समवन' म्हणजे त्याच्यासोबत, आपुलकीने. हसण्याचा विषय असलेल्या माणसामागे 'स्निकर्ड विथ हिम' लावलं तर तोही टवाळी करणाऱ्यांत सामील झाला असा अर्थ होतो.

नाम म्हणून वापरताना आधी 'अ' हवा, कारण हे मोजता येणारं नाम आहे: 'अ स्निगर', 'अ फ्यू स्निगर्स फ्रॉम द बॅक'. सोबत येणारी क्रियापदं ठरलेली आहेत. हसू दाबलं तर 'स्टायफल्ड अ स्निकर' किंवा 'सप्रेस्ड अ स्निकर', निसटलं तर 'लेट आउट अ स्निकर'. 'डिड अ स्निकर' कुणी म्हणत नाही.

लपून हसण्याला इंग्रजीत 'लाफ अप वन्स स्लीव्ह' हा जुना वाक्प्रचार आहे, म्हणजे बाहीआड. नऊवारीतल्या कोळणीला तो लावू नका. 'इंटू द एंड ऑफ हर सारी' लिहा. पदर तोंडाला लागलेला दिसतो आणि इंग्रजीही सरळ राहतं.

क्रियाविशेषणं बहुतेक वेळा उडवावीत. 'स्निकर्ड क्वाएटली', 'टिटर्ड सॉफ्टली', 'स्निअर्ड मॉकिंगली' यांतला दुसरा शब्द पहिल्याच्या पोटात आहेच. अपवाद एकच: दाबायचं हसू मुद्दाम ऐकू जाईल असं हसलं, तर 'स्निगर्ड, लाउड इनफ फॉर हिम टु हिअर'. हा विरोध कामाचा आहे, त्यात अपमान दुप्पट होतो.

एक प्रसंग, चार खर्डे

प्रसंग असा. संध्याकाळी बंदरावर मासळी आलीय. बांगड्यांचे वाटे मांडलेत. पांढरे शुभ्र बूट घातलेला चाकरमानी पोरगा येतो आणि विचारतो, किलोला कितीला? बांगडा वाट्यावर विकला जातोय. बायका हसतात.

पहिला खर्डा साधारण असा निघतो: 'द विमेन लाफ्ड ऑन हिम सायलेंटली अँड मॉकिंगली.' 'ऑन'चं 'अ‍ॅट' करा. 'सायलेंटली' आणि 'मॉकिंगली' काढून त्यांचं काम क्रियापदाकडे द्या: 'द विमेन स्निगर्ड अ‍ॅट हिम.' हा दुसरा खर्डा. शुद्ध आहे, पण सपाट आहे. सगळ्या बायका एकाच तालात हसल्या, जणू कुणी हात वर केला आणि त्यांनी सुरुवात केली.

तिसऱ्यात दृष्टिकोन ठरवायचा. आपण पोराच्या बाजूने पाहत असू तर त्याला चेहरे दिसणार नाहीत. तो वाट्याकडे वाकलाय. त्याला आवाज येईल, तोही मागून: 'बिहाइंड हिम समवन स्निगर्ड.' 'समवन' इथे मोलाचा आहे. कोण हसलं हे न कळणं हीच त्याची पंचाईत.

बायकांच्या बाजूने पाहत असू तर मात्र स्निगर शक्यतो नको. हा शब्द हसणाऱ्यावर ठपका ठेवतो. स्वतःच्या हसण्याला माणूस आपणहून असं म्हणत नाही, त्याला ते निरुपद्रवीच वाटत असतं. तिथे 'शी बिट बॅक अ लाफ' किंवा 'शी ट्राइड नॉट टु लाफ' लिहा. प्रथमपुरुषी कथेत 'आय स्निगर्ड' आलं की निवेदक पश्चात्ताप करतोय किंवा निर्ढावलेला आहे असा वास येतो. तो हवा असेल तर उत्तम.

चौथ्या खर्ड्यात शब्दच कमी करायचा. एका प्रसंगात स्निगर एकदा पुरे. दुसऱ्या बाईचं हसू अंगावरून दाखवा. तिची नजर पाटीतल्या मासळीवर खिळते, खांदे हलतात, पण हातातली सुरी थांबत नाही, खवले उडतच राहतात. तिसरी बाजूच्या बाईच्या पायाला पायाने ढोसते. यात 'हसणं' या अर्थाचा एकही शब्द नाही, तरी तिघी हसताहेत.

'बिहाइंड हिम समवन स्निगर्ड. द ओल्ड वुमन विथ द नाइफ डिड नॉट लुक अप, बट हर शोल्डर्स शुक.' एवढ्यावर थांबा. पोरगा लाल झाला, घाम आला, हे सांगायची गरज नाही.

बोलणारा हसत नाही

कोकणातलं बोलणं इंग्रजीत नेताना घोळ होतो तो इथे. त्या प्रसंगात म्हातारी पोराला म्हणते, "किलोन व्हये? मगे मुंबैसून काटो हाडलास काय?" अनुवाद करणारा लिहितो: "डिड यू ब्रिंग अ स्केल फ्रॉम मुंबई?" शी स्निकर्ड. प्रसंग गेला. मालवणी तिरकसपणाचा कणाच हा की बोलणाऱ्याच्या तोंडावरची माशी हलत नाही. हसायचं ते ऐकणाऱ्यांनी. म्हणून बोलणाऱ्यापुढे साधं 'शी सेड' किंवा 'शी आस्क्ड' ठेवा, फार तर 'विदाउट अ स्माइल' जोडा, आणि स्निगर बाजूच्या घोळक्याकडे सरकवा. गजालीत एखाद्याची खेचली जाते तेव्हाही वाटणी हीच असते.

तांत्रिक बाजूही आहे. कुणी बोलता बोलता स्निकर करू शकतं का? दोन-तीन शब्द, हो. पंधरा शब्दांचं वाक्य हसू दाबून बोलून बघा, जमत नाही. म्हणून संवादानंतर स्वल्पविराम देऊन 'ही स्निकर्ड' जोडण्याऐवजी अवतरणाच्या आत पूर्णविराम द्यावा आणि हसण्याचं वेगळं वाक्य करावं. बरेच संपादक हाच बदल सुचवतात. स्निअरला सूट आहे: 'तुच्छतेने म्हणाला' असा त्याचा स्वतंत्र अर्थ कोशात असतो, त्यामुळे संवादाला जोडून चालतो. तरी दर पानावर नको.

स्पेलिंगचे खड्डे

स्निकरमध्ये एस-एन-आय-सी-के-ई-आर. 'सी-के'च्या जागी घाईत 'ई-ए-के' आलं आणि 'आय' गेला की होतो स्नीकर, म्हणजे बूट. ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक बोलताना आपण सैल सोडतो आणि लिहिताना तोच अंगाशी येतो. पांढऱ्या बुटांच्या प्रसंगात तर दोन्ही शब्द शेजारी येऊ शकतात. स्पेलचेक इथेही गप्प.

स्निगरमध्ये 'जी' दोन, टिटरमध्ये मधले 'टी' दोन. 'ईडी' आणि 'आयएनजी' लावताना शेवटचा 'आर' दुप्पट होत नाही, कारण जोर पहिल्या अवयवावर आहे. 'रेफर्ड'मध्ये जोर दुसऱ्यावर असल्यामुळे 'आर' दोन होतात, त्याच्या पाठोपाठ हात वळतो आणि चूक होते. गिगलमधला शेवटचा 'ई' 'आयएनजी'पूर्वी जातो.

स्निकरपुढे चुकून 'एस' कॅपिटल आणि शेवटी आणखी एक 'एस' लागला की स्निकर्स चॉकलेट होतं. फोनचा कीबोर्ड कधीकधी ही मदत न मागता करतो. ते चॉकलेट 1930 सालचं, आणि नाव मालकांच्या घोड्याचं. ब्रिटनमध्ये तेच 1990 पर्यंत मॅरेथॉन नावाने विकलं जायचं. योगायोग असा की घोड्याच्या हलक्या खिंकाळण्यालाही इंग्रजीत स्निकर म्हणतात. एखाद्या जुन्या पुस्तकात घोडा 'स्निकर्ड' असला तर तो कुणाची टिंगल करत नाहीये.

नुसता आवाज लिहायचा असेल

गप्पांच्या संदेशात किंवा कॉमिक पट्टीत क्रियापद नको, आवाज हवा असतो. 'खी खी' जसंच्या तसं रोमन लिपीत घातलं तर इंग्रजी वाचक अडखळतो. दबक्या, किंचित खवचट हसण्याला 'हेह' किंवा 'हेह हेह' चालतं: एच-ई-एच. शेवटचा 'एच' विसरलात तर 'तो' असा अर्थ होतो. 'टी-ही' हे चोरटं, पोरकट हसू, चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यातही सापडणारं. आज ते लिहिलं की लिहिणारा लाडात आलाय असं वाटतं. 'हा हा' निर्विष, पण त्याच्यापुढे पूर्णविराम देऊन एकटंच 'हा.' लिहिलं तर कोरडा टोमणा होतो. 'फ्फ्ट', पी-एफ-एफ-टी, हे हसणं नव्हेच, उडवून लावणं आहे.

दोन ताऱ्यांच्या मध्ये 'स्निकर' लिहिण्याची पद्धतही गप्पांत चालते. तिथे भूतकाळ नको, मूळ रूप किंवा 'एस' लावलेलं रूप ठेवायचं. मात्र ज्याच्यावर हसताय तो त्याच गटात असेल तर ते ताऱ्यांआड राहत नाही, त्याला सरळ दिसतं. गावच्या गणपतीच्या वर्गणीच्या गटात तर अजिबातच नको.